डब्याचा काही संबंध नाही

‘मालक नाहीत का?’ असं त्यांनी विचारलं नाही. काउंटरपाशी येऊन त्यांनी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं आणि सरळ माझ्याकडे बघून म्हणाले, “मॅडम, व्हिडिओ गेम कॉम्प्युटरच्या मॉनिटरला जोडता येतो का?”

दोन हजार पाच सालच्या एप्रिलमधला शेवटचा शनिवार. सोलापुरात नव्या पेठेतल्या एका गल्लीत कोनापुरे यांचं कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि मी, पद्मजा गड्डम, तिथे दीड वर्षापासून दुरुस्तीचं काम करत होते. वय तेवीस. हार्डवेअरचा कोर्स करून या कामात आलेली त्या गल्लीतली मी एकटीच मुलगी. येणारं गिऱ्हाईक माझ्या खांद्यावरून मागे बघायचं आणि मालकांना शोधायचं. मी दिलेलं उत्तर मालकांना पुन्हा विचारून घ्यायचं. त्यामुळे मला एक सवय लागली होती. कुणी काही विचारलं की मी थांबायचे नाही. क्षणभर जरी विचार करत राहिलं तरी समोरच्याची नजर आतल्या खोलीकडे वळते, हे मला पक्कं ठाऊक झालं होतं.

या गृहस्थांची नजर वळली नाही. त्यांचं नाव अंकुश काशीद. वैरागच्या एका हायस्कुलात ते इतिहास शिकवायचे. मुलगी रेवती आठवीतून नववीत चालली होती. दुबईला क्रेन चालवणाऱ्या तिच्या मामानं हा गेम आणून दिला होता, आणि प्रश्नपत्रिका टाइप करायला घेतलेला एक जुना कॉम्प्युटर घरात होता. त्याच्या मॉनिटरवर गेम दिसावा, एवढीच त्यांची मागणी होती.

“टीव्हीला का नाही लावत?” मी विचारलं. “टीव्हीला सरळ लागतो, काही घ्यावं लागत नाही.”

“टीव्ही तिला चालत नाही. डोळ्यांचा त्रास आहे.”

डोळ्यांचा म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून एक कागद काढला. कुठल्या तरी मोठ्या कागदाचा खालचा अर्धा भाग होता तो, वरचा भाग नीट घडी घालून फाडून टाकलेला. त्यावर डॉक्टरी अक्षरात लिहिलं होतं की टीव्ही नको, मॉनिटर चालेल, पण ७५ हर्ट्झ किंवा त्याहून जास्तचा असावा.

“हे पंच्याहत्तर काय, ते मला कळत नाही,” ते म्हणाले. “डॉक्टर म्हणाले, दुकानात विचारा, त्यांना माहीत असतं.”

मला अर्धं माहीत होतं. पडद्यावरचं चित्र एका सेकंदात कितीदा नव्यानं काढलं जातं, त्याचा तो आकडा. आपला टीव्ही पन्नास वेळा काढतो, कॉम्प्युटरचा मॉनिटर पंच्याहत्तर किंवा जास्त. आकडा कमी असेल तर चित्र लुकलुकतं. एवढं कोर्समध्ये शिकवलं होतं. पण गेम आणि मॉनिटर जोडणारा कन्व्हर्टरचा डबा मधे आला, तर मॉनिटर स्वतःच्या चालीनं चालतो की डबा देईल त्या चालीनं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मी कधी तपासलंही नव्हतं.

दुकानात दोन प्रकारचे कन्व्हर्टर होते. एक मुठीएवढा, चंदेरी. हॉस्टेलवरची मुलं तो नेत, म्हणून त्याचे तीन-चार नग कायम असायचे. दुसरा मोठा, महिन्यापूर्वी आलेला, अजून सीलबंद. त्याच्या खोक्यावर बारीक अक्षरात आकड्यांची रांगच होती आणि आत जाडसर पुस्तक असणार हे वजनावरून कळत होतं. तो मी उघडला नव्हता.

काशीद सरांनी बोट त्याच्याकडेच केलं. “तो मोठा बरा पडेल का? महाग असला तरी हरकत नाही.”

त्या वेळी मालक आतल्या खोलीत होते आणि दार उघडं होतं. प्रिंटर घेऊन आलेला एक माणूस शेजारी उभा राहून आमचं बोलणं ऐकत होता. मी म्हणायला हवं होतं की मला माहीत नाही, खोकं उघडते, पुस्तक वाचते, लावून बघते, अर्धा तास बसा. प्रिंटरवाला हसला असता. मालक उठून बाहेर आले असते.

“पंच्याहत्तर मॉनिटरचं असतं, सर,” मी म्हणाले. “डब्याचा काही संबंध नाही. हा लहान पुरेल.”

“नक्की ना?”

“नक्की.”

त्यांनी मान हलवली. कपाळावरच्या आठ्या एकदम गेल्या. बिल हायस्कूलच्या पत्त्यावर करायला सांगून ते पिशवी सावरत म्हणाले की दीडची एसटी मिळाली तर तीनपर्यंत घरी पोचतो. “शनिवारी दुपारी आमच्याकडे लोडशेडिंग. चारला लाईट येते. आली की लगेच लावून देतो तिला. सात महिने झाले, हात लावला नाही तिनं गेमला.”

दोन वाजता मालक जेवायला घरी गेले. शटर अर्धं खाली ओढून मी जेवणाचा डबा उघडला आणि बिलबुक बाजूला सारताना त्याखाली तो कागद दिसला. सर विसरून गेले होते.

जेवताना मी त्या कागदाकडे बघत होते. डॉक्टरनं ७५ च्या खाली दोन रेघा ओढल्या होत्या. डोळ्यांच्या डॉक्टरला एवढं काय पडलंय, असं मनात आलं आणि घास तसाच राहिला. दुकानात व्हीसीडी प्लेअर होता. चंदेरी डब्याचा दुसरा नग काढून मी त्याची एक बाजू प्लेअरला आणि दुसरी मॉनिटरला जोडली. चित्र छान आलं. मग मी मॉनिटरच्या खालचं बटण दाबलं. पडद्यावर तेव्हा किती आकडा चालू आहे ते त्या बटणानं दिसतं.

पन्नास.

बंद करून पुन्हा लावलं. पन्नास. दुसऱ्या मॉनिटरला लावलं, तिथेही पन्नास. मॉनिटर बिचारा डबा देईल त्या चालीनं चालत होता. मी त्या माणसाला टीव्हीच विकला होता, फक्त दुसऱ्या खोक्यातला.

तेव्हासुद्धा मला फार वाटलं नाही. डोळे दुखतील, पाणी येईल, सोमवारी डबा बदलून देऊ, असं मी स्वतःला सांगितलं. मग कागद उलटा केला. मागच्या बाजूला गोळ्यांची नावं होती, सकाळी एक, रात्री दीड अशी. डोळ्यांना दिवसातून दोनदा गोळ्या देतात हे मी ऐकलं नव्हतं.

कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. तिथल्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवून कागद जवळ धरला.

“फिटच्या गोळ्या आहेत या,” ते म्हणाले. “कुणाला आहे घरात?”

कुणाला नाही, सहज विचारते, असं मी म्हणाले. काकांचा विश्वास बसला नसावा, कारण ते आवाज खाली आणून मला समजावू लागले. यात घाबरण्यासारखं काही नाही, गोळ्या चुकवायच्या नाहीत, जागरण करू द्यायचं नाही. काही मुलांना लुकलुकत्या उजेडानं येते, त्यांना टीव्हीपासून फार जपायचं. त्यांच्या ओळखीतला एक मुलगा टीव्हीपुढे बसलेला असतानाच पडला होता आणि कपाटाच्या कोपऱ्यावर त्याचं डोकं आपटलं होतं. तो मुलगा पुढे कसा आहे ते मी विचारलं नाही.

दुकानात धावतच परत आले. अडीच वाजून गेले होते. बिलावर हायस्कूलचा फोन नंबर होता. निकालाचं काम चालू असेल, कुणीतरी असेल, म्हणून लावला. खूप वेळ वाजत राहिला. तिसऱ्यांदा लावल्यावर शिपायानं उचलला. सर कधीच गेले, म्हणाला. घर गावात नव्हतं, दोन-अडीच किलोमीटरवर काशीद वस्तीला, शेतात होतं. फोन नव्हता.

“त्यांना एक निरोप द्याल का? आत्ताच्या आत्ता?”

“काय निरोप?”

मी तोंड उघडलं आणि थांबले. त्या माणसानं कागदाचा वरचा भाग फाडला होता. डॉक्टर कशाचे आहेत ते दिसू नये म्हणून फाडला होता. आठवीतल्या मुलीला काय आहे हे शाळेच्या शिपायाला सांगणं म्हणजे आख्ख्या वैरागला सांगणं.

“आज नेलेला डबा लावू नका म्हणावं. खराब आहे.”

“सांगतो की,” तो म्हणाला. “संध्याकाळी त्या बाजूला गेलो तर सांगतो.”

मी त्याला पुन्हा पुन्हा विनवलं. तो बरं बरं म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. तो निरोप सरांना सोमवारी मिळाला.

मालकांच्या वहीत लिहून ठेवलं की मोठा कन्व्हर्टर मी नेते आहे, आल्यावर सांगते. शटर पाडलं. खोकं स्कूटीवर पायांमधे ठेवलं, तोंडाला ओढणी बांधली आणि बार्शी रोडला लागले. दुकानाच्या घड्याळात पावणेतीन झाले होते. वैराग पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर, आणि माझी स्कूटी रिकाम्या रस्त्यावरही पन्नासच्या वर जायची नाही.

सोलापूरचा एप्रिल ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको. झळा तोंडावर आदळत होत्या, डांबर चकाकत होतं. पण मला ऊन लागलेलं आठवत नाही. मला आठवतात त्या पिठाच्या गिरण्या. रस्त्यालगतच्या प्रत्येक गावात मी वेग कमी करून कान द्यायचे. गिरणी बंद आहे ना? पंखे थांबलेत ना? टपरीवरचा फ्रीज बंद आहे ना? लाईट गेली की चिडचिड करणारी मी, त्या दिवशी वाटेतल्या प्रत्येक देवळाला हात जोडत होते की लाईट येऊ देऊ नको.

मनाची समजूत घालत होते. दीडची एसटी चुकली असेल. एसटी वाटेत बंद पडली असेल. मुलगी म्हणेल, उद्या खेळते. आणि लगेच डोळ्यांपुढे ते कपाट यायचं, कपाटाचा कोपरा यायचा. त्या मुलीला मी पाहिलंही नव्हतं. तरी ती मला स्पष्ट दिसत होती, स्टुलावर पुढे सरकून बसलेली, आणि मागे काशीद सर उभे, कपाळावर एकही आठी नाही.

वाटेतल्या वडाळ्याला रसवंतीच्या पुढे थांबले. रसवाला हातानं चरक फिरवत होता, म्हणजे लाईट नव्हती. किती वाजता येते, म्हणून विचारलं.

“चारला. कधी कधी आदीबी येती,” तो म्हणाला. “त्यांच्या मनावर हाय.”

तीन पंचवीस झाले होते. तिथून पुढे मी एकदाही थांबले नाही. एका वळणावर समोरून उसाची ट्रॉली आली, स्कूटी कडेच्या मातीत गेली, खोकं निसटून खाली पडलं. ते उचलून पुन्हा पायांमधे घट्ट धरलं आणि निघाले.

वैराग दिसायला लागलं तशी डाव्या हाताला एक विहीर आली. विहिरीच्या काठाला पाइप होता आणि पाइपातून पांढरंशुभ्र पाणी धो धो पाटात पडत होतं. दोन बायका त्याखाली हंडे धरून हसत होत्या. एरवी त्या उन्हात ते पाणी बघून मी स्कूटी थांबवली असती. त्या दिवशी वेग कमीही केला नाही. मोटार चालू होती. लाईट आली होती.

घड्याळात चारला पाच कमी होते.

काशीद वस्तीची वाट विचारत विचारत शेतातल्या गाडीवाटेनं गेले. चार-पाच घरं, कडुनिंबाची झाडं. पहिल्या घरापुढे एक बाई कुरडया वाळत घालत होती. सरांचं घर तिनं हातानंच दाखवलं आणि म्हणाली, “हायत की घरात. दिवसाढवळ्या दार लावून काय करत्यात कुणास ठाऊक.”

दार खरंच बंद होतं. खिडकीही. त्या उन्हाच्या वेळी, पत्र्याच्या घराची खिडकी बंद. जवळ गेले तसं आतून संगीत ऐकू आलं. गेम सुरू करण्यापूर्वी वाजतं तसलं, तेच तेच, पुन्हा पुन्हा येणारं. माणसाचा आवाज नव्हता. बटणांचा आवाज नव्हता. कुणी खेळत नव्हतं, आणि कुणी ते बंदही करत नव्हतं.

मी दार वाजवलं. आत काहीतरी हललं आणि पुन्हा शांत झालं. मी सर, सर म्हणून हाक मारली. कुरडयावाली बाई उभी राहून माझ्याकडे बघत होती, म्हणून आवाज चढवता येईना. दाराला तोंड लावून मी म्हणाले, “सोलापूरहून आलेय. दुकानातली.”

कडी निघाली. दार वीतभर उघडलं. काशीद सरांचा चेहरा मी दुकानात पाहिलेला म्हणून ओळखला नसता. शर्टाची बाही ओली होती. त्यांनी मला आत घेतलं आणि दार पुन्हा लावून कडी घातली.

रेवती जमिनीवर कुशीवर निजली होती. डोकं आईच्या मांडीवर. ओठाच्या कडेला रक्त पुसल्याची खूण. डोळे उघडे होते, पण ती कुठेच बघत नव्हती. आई एका हातानं तिच्या केसांवरून हात फिरवत होती आणि दुसऱ्या हातात गेमचं बटणांचं यंत्र धरून बसली होती. ते खाली ठेवायचं तिला सुचलं नसावं. टेबलावर मॉनिटर चालू होता. शेजारी माझा चंदेरी डबा.

मी आधी जाऊन टेबलावरच्या सगळ्याचं मेन बटण बंद केलं. खोलीत एकदम इतकी शांतता झाली की पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

“किती वेळ झाला?” मी विचारलं.

“दहा-बारा मिनिटं झाली,” सर म्हणाले. “दोन मिनिटं आली होती. आता संपली. डॉक्टरांनी सांगितलं तसं कुशीवर केलं. डोकं कुठे आपटलं नाही, मी मागेच उभा होतो.” मग त्यांच्या लक्षात आलं की मी हे माहीत असल्यासारखं विचारलंय. “तुम्हाला कळलं वाटतं.”

मी तो कागद पुढे केला. रेवतीच्या आईनं पहिल्यांदाच माझ्याकडे मान वर करून बघितलं.

“बाहेर कुणाला बोललात?” तिनं विचारलं.

“नाही. कुणालाही नाही.”

तिनं मान खाली घातली. सरांनी मला खुर्ची दिली, तांब्यातून पाणी ओतून दिलं. एवढ्या उन्हात एवढ्या लांब मी का आले, हे त्यांना अजून कळलं नव्हतं. त्यांना वाटत होतं मी कागद द्यायला आले. माझ्यासमोर वेताच्या मोड्यावर बसून ते हळू आवाजात सांगू लागले. लाईट साडेतीनलाच आली. त्यांनी डबा जोडला, चित्र आलं, रेवती आनंदली आणि मग दोन पावलं मागे सरकली. म्हणाली, बाबा, हे टीव्हीसारखंच आहे. बसायला तयार होईना. त्यांनी समजूत घातली. तिनं पुन्हा सांगितलं की मला नको वाटतंय. त्यांनी पुन्हा समजूत घातली.

“सात महिने ही सगळ्यालाच घाबरते, मॅडम. सायकलला, गॅसला, सहलीला. मला वाटलं, ही भीती मोडायला पाहिजे.” त्यांनी घसा साफ केला. “बरं झालं तुम्ही आलात. जरा सांगा हिला. हिला वाटतंय डब्यामुळे झालं. मी म्हणालो, अगं, दुकानातल्या मॅडमना यातलं सगळं कळतं, त्या म्हणाल्यात डब्याचा काही संबंध नाही. गोळी चुकली असेल, जागरण झालं असेल. तुम्ही सांगितलंत की ऐकेल ती.”

रेवतीचे डोळे आता माझ्यावर आले होते. थकलेले, पण बघणारे.

मोठं खोकं बाहेर स्कूटीवर होतं, ओढणीखाली. ते कुणी पाहिलं नव्हतं. मी आज काय तपासलं, काय आकडा आला, हे माझ्याशिवाय जगात कुणाला ठाऊक नव्हतं. हो म्हणाले असते तर चहा पिऊन, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून मी परत गेले असते. जाताना हळूच म्हणाले असते, तरी हा डबा नकाच वापरू, मोठा देते. सगळं जागच्या जागी राहिलं असतं. रस्त्यावरची पन्नास किलोमीटरची भीती त्या मुलीसाठी होती. आता जी भीती वाटत होती ती माझी स्वतःची होती आणि खरं सांगते, ती जास्त मोठी होती. मी पाणी प्यायले. पुन्हा तांब्याकडे बघितलं.

“तिचं बरोबर आहे,” मी म्हणाले.

सर माझ्याकडे बघत राहिले.

“डब्यामुळेच झालं. तो डबा पन्नासनं चालतो. टीव्हीसारखाच. तुम्ही गेल्यावर मी लावून बघितलं. तुम्ही विचारलं तेव्हा मला माहीत नव्हतं, सर. माहीत नव्हतं आणि मी नक्की म्हणाले.”

बाहेर कुरडयावाली बाई कुणाशी तरी बोलत होती, तिचा आवाज येत होता. मला वाटलं सर उठतील, दार उघडतील, मला जा म्हणतील. त्यांनी मारलं असतं तरी मी हलले नसते. सर कितीतरी वेळ हातातल्या कागदावरच्या त्या दोन रेघांकडे बघत बसले. मग मोड्यावरून उठले, ते माझ्याकडे आलेच नाहीत. मुलीपाशी जमिनीवर बसले.

“तू दोनदा सांगितलंस,” ते तिला म्हणाले. “मी ऐकलं नाही.”

थोड्या वेळानं तिनं त्यांच्या ओल्या बाहीवर हात ठेवला आणि डोळे मिटले. तिला झोप लागली.

मी मोठं खोकं आत आणून टेबलाखाली ठेवलं. हे मी उघडलेलं नाही, यात काय आहे मला माहीत नाही, तुम्ही डॉक्टरांना विचारा, ते हो म्हणाले तर मी येऊन तुमच्या देखत लावीन, आकडा तुम्ही वाचायचा, असं सांगितलं. सर हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. रेवतीच्या आईनं चहा केला. तो मी प्यायले, कारण नको म्हणण्याचा मला हक्क नव्हता. ती मला दारापर्यंत सोडायला आली आणि बाहेरच्या बाईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “दुकानातल्या आहेत, मशीन बघायला आल्या होत्या.”

सोलापुरात आले तेव्हा मालक काउंटरवर बसले होते. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी वही मिटली. मग एवढंच म्हणाले की अर्धा तास मागितला असतास तर मी काय तुला खाल्लं असतं का. नोकरी राहिली.

तीन आठवड्यांनी सरांचा फोन आला. डॉक्टरांनी परवानगी दिली होती, अटी घालून. खोलीत भरपूर उजेड पाहिजे, पडदा लांब पाहिजे, वीस मिनिटांच्या वर नाही, फिट टाळायला एक डोळा हातानं झाकायची सवय ठेवायची, आणि आकडा आधी तपासायचा.

रविवारी सकाळी मी गेले. यावेळी दार आणि खिडकी दोन्ही उघडी होती. रेवती स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आम्ही सांगण्यापूर्वीच गेली. मी खोकं उघडलं, पुस्तक काढलं, दोन पानं वाचली, काही कळलं नाही, पुन्हा वाचली. सर शेजारी खुर्ची घेऊन बसले होते. त्यांनी घाई केली नाही. अर्ध्या तासानं चित्र आलं. मी मॉनिटरचं बटण दाबलं आणि बाजूला झाले. सरांनी चष्मा चढवला, पडद्यापाशी वाकले.

“किती आलं?” आतून आवाज आला.

“पंच्याहत्तर,” सर म्हणाले.

“त्यांना वाटतंय, का तुम्हाला दिसतंय?”

“दिसतंय. आकडा लिहून आलाय.”

ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली. एका हातानं चौकट धरली, दुसऱ्या हाताचा तळवा डाव्या डोळ्यावर ठेवला आणि पडद्याकडे बघत राहिली. सरांचे ओठ हलले, पण ते बोलले नाहीत. आईनं पोळपाटावरचं लाटणं थांबवलं होतं.

खूप वेळ गेला. मग ती आत आली, स्टूल होतं तिथून आणखी दोन हात मागे ओढलं आणि बसली.